एकाच कातड्याची दोन कामं

बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची पिशवी शिवली, तिच्यात पाणी भरलं आणि ती पाठीवर टाकली की झाली मशक. तिच्यातलं पाणी ओतून टाका, तोंडाने हवा भरा आणि गळा दोरीने आवळून बांधा. आता तीच मशक माणसाला नदीपार नेते. कातडं एकच, पण कामं दोन: पाणी माणसापर्यंत आणायचं आणि माणसाला पाण्यावरून न्यायचं. आपल्या मराठवाड्याला यातलं पहिलं काम फार चांगलं ठाऊक आहे. दुसरं आपण जवळजवळ विसरलो आहोत, आणि म्हणूनच हवेची होडी आपल्याला परदेशी खेळणं वाटते.

हा विषय डोक्यात आला तो एका छंदामुळे. गेली काही वर्षं दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे शिक्षक मित्र हवा भरायची कयाक घेऊन तलावावर जातो. घडी केली की ती पाठीवरच्या पिशवीत मावते. काठावर पसरायची, पायाच्या पंपाने हवा भरायची, अंगात लाइफ जॅकेट घालायचं आणि दोन पात्यांचं वल्हं मारत निघायचं. यासाठी आश्विन-कार्तिकासारखे दिवस नाहीत. पाऊस परतलेला असतो, गढूळपणा खाली बसलेला असतो, सकाळी वारा पडलेला असतो आणि चक्रवाक येऊ लागलेले असतात. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात आतली हवा फुगते, म्हणून होडी अगदी टम्म भरायची नाही. दुसरी गोष्ट काठावरची वेडी बाभूळ. तिचा एक काटा लागला की सहल संपली!

माझ्या अम्मीला हे अजिबात पटत नाही. तिची दखनी सरळ असते : "पानी पीने की चीज है, पानी पो बैठने की नई." यात भीती आहेच, पण आपल्या भागाचा इतिहासही आहे. तहानेच्या मुलखात वाढलेल्या माणसाला पाण्यावर मौज करणं म्हणजे अन्नाशी खेळण्यासारखं वाटतं. अम्मीचं म्हणणं खोडून काढावं म्हणून मी वाचायला बसलो आणि तिचं म्हणणं अर्धं खरं निघालं. उरलेलं अर्धं इथे मांडतो.

हवेवर तरंगण्याची कल्पना किती जुनी? लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असिरियाचा राजा दुसरा अशूरनासिरपाल याच्या निमरूदच्या राजवाड्यातली शिल्पं आहेत, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली. त्यांतल्या एका शिल्पात माणसं फुगवलेलं कातडं पोटाखाली धरून नदी ओलांडत आहेत. त्याच इराकमध्ये फुगवलेल्या कातड्यांवर लाकडं बांधून केलेला 'कलक' हा तराफा अगदी विसाव्या शतकापर्यंत तिग्रिस नदीतून माल वाहत होता. हिमालयात सतलज आणि बियासच्या काठचे लोक म्हशीचं अख्खं कातडं फुगवून त्यावर पालथे पडत आणि प्रवाशाला पाठीवर घेऊन पार नेत.

हिंदुस्थानच्या इतिहासात तर एका मशकेने बादशहा वाचवला. २६ जून १५३९ रोजी बक्सरजवळच्या चौसा इथे शेरखानाने, म्हणजे पुढच्या शेरशहाने, हुमायूनच्या बेसावध छावणीवर हल्ला केला. पळताना हुमायून घोड्यासह गंगेत शिरला आणि बुडू लागला. तेव्हा निज़ाम नावाच्या भिश्त्याने आपली फुगवलेली मशक त्याला दिली आणि पैलतीरी नेलं. बादशहाने वचन पाळलं आणि निज़ामला तख्तावर बसवलं. किती वेळ, याबद्दल मेळ नाही. काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत निरनिराळं सांगितलं जातं. हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिने 'हुमायूननामा'त हा प्रसंग नोंदवला आहे आणि हुमायूनच्या भावाला, कामरानला, ही गोष्ट रुचली नव्हती हेही लिहिलं आहे. निज़ामने त्या वेळात चामड्याची नाणी पाडली, ही पुढची दंतकथा. पण लोकांना ती आवडली, कारण ज्या कातड्यावर आयुष्यभर ओझं वाहिलं त्याच कातड्याचा एक दिवस पैसा झाला, हे ऐकायला कोणत्या कष्टकऱ्याला आवडणार नाही?

उर्दूच्या तासाला मी मुलांना 'भिश्ती' शब्द फोडून दाखवतो. मूळ फारसी 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग; तहानलेल्याला पाणी देणारा तो बिहिश्ती. अनेक भिश्ती कुटुंबं स्वतःला अब्बासी म्हणवतात. करबलात वेढलेल्या लेकरांसाठी फुरातचं पाणी मशकेत भरून आणताना मारले गेलेले हज़रत अब्बास यांच्याशी ते आपलं नातं जोडतात. म्हणूनच मोहरमच्या काही अलमांवर छोटी मशक बांधलेली दिसते. मराठीत या मशकेची थोरली बहीण म्हणजे पखाल. ती रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर लादायची आणि ती वाहणारा तो पखाली. निज़ामाच्या राज्यातली आपली गावं या लोकांच्या पाठीवर पाणी पीत होती. नळ आले आणि हा व्यवसाय संपला. आडनावं मात्र हजेरीपटावर उरली. भिस्ती आणि पखाली आडनावाच्या मुलांना मी विचारतो तेव्हा बहुतेकांना आपल्या नावाचा अर्थ ठाऊक नसतो. ज्यांना ठाऊक असतो, ते मान खाली घालतात. हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

मशकेचं दुसरं काम, म्हणजे माणसाला तरंगवणं, मराठीने वेगळ्या वस्तूंनी केलं. आज आपण 'विचारांची सांगड घालणे' असं लिहितो. ही सांगड मुळात पाण्यातली. भोपळे, ओंडके किंवा होड्या एकमेकांना बांधून केलेलं तरण्याचं साधन म्हणजे सांगड. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सांगितली गेली. प्रवरेकाठी, गोदावरीच्या खोऱ्यातच. तिच्या सातव्या अध्यायात मायेला नदीचं लांबलचक रूपक आहे. बाराव्या अध्यायात भक्तांना भवसागर पार करून देताना देव कुणाला कासेला लावतो, कुणाला नावेत घालतो आणि कुणाच्या पोटाला तरंगणारी पेटी बांधतो. आजच्या लाइफ जॅकेटचा यापेक्षा जुना मराठी उल्लेख दुसरा कोणता असेल? नदी ओलांडणं हे रोजचं, जिवावरचं काम होतं, म्हणूनच ते अध्यात्माच्या भाषेत शिरलं.

आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत गावच्या विहिरीत पोरं पोहायला शिकत ती कमरेला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून. पुढे पत्र्याचा रिकामा, तोंड बंद केलेला डबा आला आणि मग ट्यूब. नदीवर हे ज्ञान भोई आणि कोळी समाजाकडे होतं. पूल नव्हते तेव्हा गोदावरीच्या अलीकडून पलीकडे माणूस, धान्य आणि वऱ्हाड नेणारे तेच. दर्गा असो, देऊळ असो की गुरुद्वारा, यात्रेकरू कोणत्याही धर्माचा असला तरी नाव एकच आणि नावाडीही तोच.

आता रबराकडे येऊ. १८२३ मध्ये मॅकिंटॉशने पाणी आत न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. १८४० च्या दशकात पीटर हॅल्केट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने त्याच कापडाचा एक झगा केला. अंगात घातला तर झगा, फुगवला तर होडी! हातातल्या काठीचं वल्हं आणि छत्रीचं शीड. नौदलाला ती आपल्या कामाची वाटली नाही. पण १८४६ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर निघालेल्या जॉन रे याने हॅल्केटची होडी सोबत नेली आणि ती उपयोगी पडली. 'कयाक' हा शब्दही तिकडचाच, इन्युइट लोकांचा. सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ही अरुंद होडी करत, आणि शिकारीच्या वेळी सीलचं अख्खं कातडं फुगवून तरंगत ठेवत. म्हणजे बर्फाच्या मुलखातही मशक होतीच. आमच्या पिशवीतल्या कयाकमध्ये कातड्याच्या जागी प्लास्टिकचं कापड आलं, इतकाच फरक.

आणि हा फरक आमच्याकडच्या मच्छीमारांनी आमच्या कितीतरी आधी करून टाकला होता. मन्याड नदीवरच्या बारूळच्या धरणावर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या आधीच पाण्यात माणसं होती. ट्रकची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर फळी, फळीवर बसलेला भोई. हातात जाळं आणि वल्ह्याच्या जागी लाकडी फळकूट. कुणी थर्मोकोलच्या ठोकळ्यांवर. त्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. आमची रंगीत होडी त्यांनी एकदा पाहिली, हसले आणि जाळी कुठे टाकलेली आहेत, बुडालेल्या झाडांचे खुंट कुठे आहेत ते सांगितलं. तेव्हापासून आमचा नियम ठरला: आधी काठावरच्या मच्छीमारांना विचारायचं, मगच पंप काढायचा.

एक प्रश्न उरतोच. आपल्या भागात समुद्र नाही, डोंगरातलं नैसर्गिक सरोवर नाही. मग तलावावरची सहल आली कुठून? ती धरणांनी आणली. तसा कंधारला राष्ट्रकूटांच्या काळचा तलाव आहे. त्याचं नाव बघा: जगत्तुंग समुद्र! 'जगत्तुंग' ही राष्ट्रकूट राजाची पदवी, आणि तळ्याला थेट 'समुद्र'. ज्यांच्याकडे पाणी कमी असतं ते पाण्याला मोठी नावं देतात. पैठणचा नाथसागर आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरीचा शंकरसागर ही त्याच परंपरेतली नावं. पण या नव्या सागरांखाली जमिनी आहेत, बांध आहेत आणि काही ठिकाणी अख्खी गावं आहेत. आपण ज्या संथ पाण्यावर वल्हं मारतो, त्याच्या तळाशी कुणाचा तरी सातबारा पडलेला असतो.

धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचं उदाहरण तर विलक्षण आहे. गोदावरीवरच्या या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात वाद झाला आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणजे पावसाळ्याचं पाणी खाली जाईल. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खालच्या राज्यासाठी सोडायचं. म्हणजे बाभळीचा तलाव २९ ऑक्टोबरपासून भरणार. जगात शरद ऋतू सूर्यावर ठरतो; धर्माबादच्या तलावाचा शरद न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिलेला आहे! ज्या वर्षी ऑक्टोबरअखेर नदीला पाणीच नसतं, त्या वर्षी दरवाजे लावून काय अडवायचं, हा तिथल्या शेतकऱ्याचा साधा सवाल आहे.

आणि लातूर? लातूरकरांसमोर तलावाच्या सहलीची गोष्ट काढताना जीभ जराशी अडखळते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली. निज़ाम भिश्त्याची मशक एकविसाव्या शतकात रुळांवरून आली, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पाणी वाहून आणण्याची साधनं आपण मोठी करत गेलो. पाणी मुरावं, टिकावं आणि जपून वापरलं जावं हा रेड्याचा रोग मात्र तसाच राहिला.

मग तलावावर जाऊच नये का? मला तसं वाटत नाही. ज्या पाण्यावर आपण बसलो, ज्याची खोली वल्ह्याने मोजली, ते पाणी आटताना आपल्याला दिसतं. नळातून येणारं पाणी आटताना दिसत नाही, ते एक दिवस फक्त येत नाही. शिवाय दर उन्हाळ्यात शेततळ्यात आणि धरणात मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. पाण्यापासून दूर ठेवून मुलं वाचत नाहीत. पोहायला शिकवून आणि जॅकेट घालायला लावून वाचतात. आपल्या पूर्वजांनी भोपळा बांधून हेच केलं होतं. आणि शिकवायला माणसं शोधावी लागणार नाहीत. ती ट्यूबवर बसून आधीच पाण्यात आहेत. त्यांच्या अंगातही एक जॅकेट चढायला हवं, इतकंच.

या दिवाळीत तुमच्यापैकी कुणी तलावावर जाणार असेल, तर पाटबंधारे खात्याची परवानगी आधी बघा आणि काठावरच्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा: या पाण्याखाली काय होतं? मग मार्चमध्ये पुन्हा त्याच जागी जा. पाणी उतरलेलं असेल आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळात कुणीतरी पेरलेलं असेल. या जमिनीला गाळपेर म्हणतात. ती वर्षापुरती कसायला देताना पहिला मान धरणग्रस्तांचा असतो, म्हणजे ज्याची जमीन बुडाली तोच चार महिने आपल्याच बुडालेल्या मातीत भाडेकरू होऊन उभा असतो. कार्तिकात जिथे तुमची होडी होती, तिथे चैत्रात त्याचं टरबूज असतं. त्याच्याकडून एक विकत घ्या, आणि भाव करू नका.