लाख (लाखोळी)

शिंबावंत कुलातील एक कडधान्य (शास्त्रीय नाव लॅथायरस सटायव्हस). पूर्व विदर्भात भाताच्या उभ्या पिकात बी फोकून, शेतातल्या उरल्या ओलाव्यावर ते घेतात. बियांत सु. २५ टक्के प्रथिने असतात. अवर्षणातही तगत असल्याने दुष्काळात गरिबांचा तोच आधार ठरतो आणि विषबाधेचा धोका नेमका तेव्हाच वाढतो.

बियांत बीटा-ओडॅप हे अपोषक द्रव्य असते. ते १९६४ मध्ये वेगळे करण्यात आले. ग्लुटामेटशी साधर्म्यामुळे ते प्रेरक तंत्रिकापेशींना अतिउत्तेजित करून इजा पोचवते. लाख हेच काही महिने मुख्य अन्न राहिल्यास कलायखंज हा विकार जडू शकतो : पाय ताठरतात, चाल अडखळते; आलेले अपंगत्व सहसा कायमचे असते. मिश्र आहारात अल्प प्रमाणात खाल्ल्यास हा धोका बराच कमी असतो.

हे विष पाण्यात विरघळते. म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून दिल्यास त्याचा मोठा भाग निघून जातो. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांन्वये लाखोळीच्या विक्रीबंदीची तरतूद झाली. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा हे अल्पविषारी वाण विकसित झाले. पिकावर विसंबणाऱ्यांसाठी सुरक्षित बियाणे आणि आहारातील विविधता हेच खरे संरक्षण होय.