बँकांची ताण-चाचणी : सातारा व सांगलीच्या बँकांच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
ताळेबंदाच्या दिवशी सक्षम दिसणारी बँक उद्याच्या संकटात टिकेलच असे नाही. कर्जे अचानक थकली, व्याजदर वाढले किंवा ठेवी काढण्यासाठी रीघ लागली, तर बँकेचे भांडवल किती उरेल याचा आगाऊ हिशेब मांडणे म्हणजे ताण-चाचणी होय. या चाचणीचे महत्त्व व मर्यादा प्रस्तुत लेखात सातारा-सांगली परिसरातील तीन बँकांच्या आधारे तपासल्या आहेत.

तीन बँकांचा अनुभव :
बँक ऑफ कराडने रोख्यांचे पाठबळ नसलेल्या बँक-पावत्या दिल्याचे १९९२ च्या रोखे घोटाळ्यात उघड झाले. ती बँक अवसायनात निघाली व १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात गेली.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ मध्ये स्थापन झाली होती. थकीत कर्जांमुळे तिचे भांडवल ९ टक्क्यांच्या आवश्यक प्रमाणाखाली घसरले. २ सप्टेंबर २००६ रोजी तिच्या व्यवहारांवर स्थगिती आली आणि ठेवीदारास केवळ १०,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. पेन्शन, लग्नकार्य वा आजारपणासाठी साठविलेला पैसा अडकणे म्हणजे काय, हे अशा वेळी घराघरांत कळते. ३ ऑक्टोबर २००६ रोजी ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. १९१६ मध्ये स्थापन झालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. मात्र तेथे स्थगितीची वेळ आली नाही.

नियमनातील बदल :
जून २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना ताण-चाचणीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. २०१० पासून तिच्या वित्तीय स्थैर्य अहवालांतही अशा चाचण्यांचे निष्कर्ष येऊ लागले. भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण झालेली हानी दाखविते, तर ताण-चाचणी संभाव्य हानीचा अंदाज देते. साताऱ्यासारख्या प्रकरणात थकबाकी आणखी वाढल्यास काय होईल, हा प्रश्न वेळीच विचारला गेल्यास ठेवीदारांवर स्थगिती येण्यापूर्वी भांडवल उभारता येते किंवा विलीनीकरणाचा विचार करता येतो.

निष्कर्ष :
कराडचे प्रकरण मात्र या साधनाची मर्यादा दाखविते. हिशेबाच्या वह्याच खोट्या असतील तर त्यांवर आधारलेले गणितही खोटेच ठरते. म्हणून ताण-चाचणीला काटेकोर तपासणीची जोड हवी. १९६२ मध्ये सुरू झालेला व फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत वाढविलेला ठेव विमा हा शेवटचा आधार आहे. त्यामुळे दक्षतेची गरज कमी होत नाही.