कप्तानाचे गार मद्य आणि जहाजाच्या पोटातली हवा

१/१२
सागरप्रवासाच्या शिडाच्या नौकेत आज वातानुकूलन यंत्र बसवायचे, तर नौकेच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली, एक छिद्र लागते. त्यातून पंप समुद्राचे पाणी आत ओढतो. ते गाळणीतून यंत्रापर्यंत जाते, खोलीतून काढलेली उष्णता उचलते आणि बाजूच्या तोटीतून पुन्हा समुद्रात पडते. घरातला एसी उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. नौकेतला ती समुद्राच्या स्वाधीन करतो. समुद्राकडून गारवा घेण्याची कल्पना मात्र काँप्रेसरपेक्षा कितीतरी जुनी आहे. तिची एक ठळक लेखी नोंद १७५१ सालची आहे, आणि ती एका गुलामवाहू जहाजाच्या कप्तानाने केलेली आहे.

२/१२
आधी प्रश्न समजून घेतला पाहिजे. शिडाच्या जहाजाला वारा भरपूर मिळतो, पण तो वर, शिडांना. खालच्या मजल्यांवर तो पोहोचत नाही. लाटा आत येऊ नयेत म्हणून झडपा बंद ठेवाव्या लागतात, तळाशी साचलेले पाणी कुजते, लाकूड ओले राहते आणि दाटीवाटीने झोपलेल्या माणसांचे श्वास तिथेच कोंडतात. ओल्या पडद्यांचा उपायही फारसा चालत नाही. जो कूलर नागपूरला गार करतो तो मुंबईत निरुपयोगी ठरतो, त्याचे कारण इथेही लागू आहे: हवेत आधीच बाष्प असले की पाण्याची वाफ होत नाही, आणि वाफ झाली नाही तर गारवाही मिळत नाही.

३/१२
खलाशांचा जुना उपाय म्हणजे ‘विंडसेल’. डोलकाठीच्या दोरांना कापडाची लांबलचक सोंड टांगायची, तिचे तोंड वाऱ्याकडे ठेवायचे आणि दुसरे टोक झडपेतून खाली सोडायचे. आजही उष्ण प्रदेशात नांगरून पडलेल्या नौकांवर याच जातीच्या लहान कापडी झोळ्या दिसतात. या उपायाची मर्यादा उघड आहे: वारा पडला की सोंड लोंबकळते आणि वादळ आले की ती काढावी लागते. म्हणजे तिची निकड सर्वाधिक असते, नेमकी तेव्हाच ती कामाची नसते.

४/१२
१७४० च्या दशकारंभी या प्रश्नावर एकाच वेळी तीन माणसे काम करत होती. लंडनच्या सॅम्युएल सटनने तळापासून स्वयंपाकाच्या भट्टीपर्यंत नळ्या नेल्या; भट्टीच्या जाळाने खालची दूषित हवा ओढून घ्यावी, ही त्याची युक्ती. स्वीडनमध्ये मार्टेन ट्रीवाल्डने युद्धनौकांसाठी वायुवीजन यंत्र रचले. आणि टेडिंग्टनचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने १७४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर आपल्या ‘व्हेंटिलेटर’चे वर्णन वाचले. हा तोच हेल्स, ज्याने वनस्पतींतील रसाचा आणि प्राण्यांच्या रक्ताचा दाब मोजला होता.

५/१२
हेल्सचे यंत्र म्हणजे लोहाराच्या भात्याचे थोरले भावंड. मोठ्या लाकडी पेटीत बिजागरीवर हलणारी फळी असे. माणसे तरफ वरखाली करत, फळी हले आणि झडपांतून कोंदट हवा बाहेर फेकली जाई. रोग दूषित हवेने होतात, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. ती चुकीची होती: जहाजांवर व तुरुंगांत माणसे मारणारा टायफस उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोलने १९०९ मध्ये दाखवले. तरीही भाते निरर्थक नव्हते. उकाडा कमी होई, ओल वाळे, धान्य टिके. चुकीच्या सिद्धांतातून उपयुक्त अवजार जन्माला आल्याचे हे एक उदाहरण आहे.

६/१२
हे अवजार ज्यांना हवेहवेसे वाटले, त्यांत गुलामांचे व्यापारी होते. अटलांटिक ओलांडताना मेलेला प्रत्येक बंदी त्यांच्या वहीत तोटा म्हणून लिहिला जाई. १७५५ मध्ये हेल्सने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकासाठी व्हेंटिलेटरांच्या लाभांचा वृत्तांत दिला. त्याच्या शीर्षकातच गुलामवाहू आणि इतर वाहतूक जहाजांवरील माणसांचे आरोग्य व प्राण राखण्याचा उल्लेख आहे. हेल्सचा हेतू दयेचा होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण जहाजाच्या मालकाच्या लेखी श्वास हा मालाच्या जपणुकीचा भाग होता.

७/१२
आता कप्तान. हेन्री एलिस १७४६-४७ मध्ये वायव्य सागरी मार्गाच्या शोधमोहिमेत हडसनच्या उपसागरात गेला होता. तिथला बर्फाळ हिवाळा त्याने काढला आणि १७४८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्यानंतर ‘अर्ल ऑफ हॅलिफॅक्स’ या जहाजाचा कप्तान म्हणून तो गुलामांच्या व्यापारात उतरला. जहाजावर हेल्सचे भाते होते, आणि हेल्सनेच सुचवलेले आणखी एक उपकरण होते: खोल समुद्रातले पाणी वर आणणारी बादली.

८/१२
बादलीची रचना साधी पण चतुर होती. तिच्या तळाला आणि झाकणाला वर उघडणाऱ्या झडपा होत्या. बादली खाली जाताना पाणी तिच्यातून आरपार वाहत राही. वर ओढू लागले की पाण्याच्या दाबाने दोन्ही झडपा मिटत आणि त्या खोलीवरचे पाणी आत बंदिस्त होई. आत फॅरनहाइटचा छोटा तापमापक असे. आफ्रिकेकडे जाताना, कॅनरी आणि केप व्हर्ड बेटांच्या दरम्यानच्या सागरात, एलिसने ही बादली ३६० फुटांपासून ५,३४६ फुटांपर्यंत वेगवेगळ्या खोलींवर सोडली. मैलभर दोर पुन्हा वर ओढायचा, तो खलाशांनी.

९/१२
नोंद अशी: पृष्ठभागी पाणी आणि हवा दोन्ही ८४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २९ अंश सेल्सियस. खोलीबरोबर पाणी गार होत गेले आणि ३,९०० फुटांवरून आलेले पाणी ५३ अंश, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सियस भरले. वर येताना बादलीत थोडी उष्णता शिरतेच. प्रत्यक्ष खोलीवर पाणी याहूनही थंड असते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हेल्सला लिहिलेल्या पत्रात एलिस पुढे सांगतो की, निव्वळ कुतूहलाचा वाटलेला हा प्रयोग फार उपयोगी ठरला: या पाण्याने स्नानाची सोय झाली आणि मद्य व पिण्याचे पाणी हवे तेव्हा गार करता आले.

१०/१२
इथे सावध राहायला हवे. मोजमाप झाले तेव्हा जहाज आफ्रिकेकडे निघालेले होते. खालचा मजला अद्याप बंदिवानांनी भरलेला नव्हता. त्यामुळे वर गार मद्य आणि त्याच घटकेला खाली गुदमरणारी माणसे, असे चित्र रंगवणे पुराव्याला धरून होणार नाही. पण जहाज निघाले होते त्याच माणसांसाठी. अशा जहाजांवर नोकरी केलेला शल्यवैद्य अलेक्झांडर फाल्कनब्रिज १७८८ मध्ये लिहितो की, बहुतेक जहाजांच्या प्रत्येक बाजूला सुमारे ६ इंच लांब आणि ४ इंच रुंद अशी पाच-सहा हवेची छिद्रे असत. समुद्र खवळला वा पाऊस लागला की तीही मिटावी लागत. आणि विंडसेल तर वीस जहाजांत एकावरही नसे.

११/१२
कथेचे उरलेले धागे अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत जुळतात. हेल्स त्या वसाहतीच्या विश्वस्तांपैकी एक होता. विश्वस्तांच्या काळात, १७३५ मध्ये, तिथे गुलामगिरीला बंदी झाली. १७५१ पासून ती उठली. म्हणजे एलिसचे पत्र प्रसिद्ध झाले त्याच वर्षी. पुढे १७५७ मध्ये खुद्द एलिसच जॉर्जियाचा कारभार पाहू लागला. तिथल्या उकाड्याने तो हैराण झाला. १७५८ च्या पत्रात तो सांगतो की, छत्रीला दोऱ्याने तापमापक टांगून, नाकाच्या उंचीवर धरून तो चालला, तेव्हा पारा १०५ अंशांवर, म्हणजे सुमारे ४०.५ अंश सेल्सियसवर, चढला. १७६० मध्ये प्रकृतीचे कारण देऊन त्याने वसाहत सोडली. ज्यांच्या श्रमावर ती वसाहत उभी राहत होती, त्यांना उकाडा हे राजीनाम्याचे कारण म्हणून उपलब्ध नव्हते.

१२/१२
एलिसच्या आकड्यांना दीर्घायुष्य लाभले. शतक सरता सरता काउंट रम्फर्डने त्यांच्या आधारे मांडले की, उष्ण कटिबंधाच्या तळाशी असलेले थंड पाणी ध्रुवांकडून वाहत आलेले असले पाहिजे. महासागरी अभिसरणाच्या विचारातली ही महत्त्वाची पायरी होती. २००४ पासून टोरांटो शहर ऑन्टारिओ सरोवरातले ८३ मीटर खोलीवरचे थंड पाणी वापरून इमारती गार करते, तत्त्व बादलीचेच. त्या बादलीची गोष्ट सांगणाऱ्या पत्रात तापमापक घडवणाऱ्या बर्ड या कारागिराचेही नाव आदराने आले आहे. दोर ओढणाऱ्या खलाशांपैकी कोणाचे आलेले नाही. आणि ज्यांना आणण्यासाठी जहाज निघाले होते, त्यांचे तर नाहीच.