आघात आणि लघुगुरू

इंग्रजी छंदःशास्त्राचा परिचय करून देताना आपल्याकडे आघातयुक्त अक्षराला गुरू आणि आघातहीन अक्षराला लघू म्हणण्याचा प्रघात आहे. हे समीकरण सोयीचे असले, तरी त्यात दोन भाषांच्या प्रकृतींमधला मूलभूत भेद झाकला जातो. इंग्रजीत 'प्रेझेंट' या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात दिला की तो नाम होतो, दुसऱ्यावर दिला की क्रियापद. येथे निर्णायक ठरतो तो उच्चाराचा जोर. आपल्या वृत्तांत निर्णायक ठरतो तो उच्चाराचा काळ: 'सुत' या शब्दाच्या दोन मात्रा, 'सूत'च्या तीन.

हा भेद किती खोल आहे, याची प्रचिती इंग्रज कवींना सोळाव्या शतकात आली. लॅटिन वृत्ते आपल्या वृत्तांप्रमाणेच ऱ्हस्वदीर्घांच्या क्रमावर उभी होती. त्यांच्या प्रतिष्ठेने भारावलेल्या फिलिप सिडनीसारख्या कवींनी ती इंग्रजीत उतरवून पाहिली. टॉमस कॅम्पियनने १६०२ साली यमकाविरुद्ध आणि अभिजात गणांच्या बाजूने ग्रंथच लिहिला. वस्तुतः तो स्वतः यमकबद्ध गीतांचा कुशल रचनाकार होता. १६०३ साली सॅम्युएल डॅनिएलने त्याला उत्तर दिले. प्रत्येक भाषेचे पद्य तिच्या स्वभावातून आणि रूढीतून घडते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढील इंग्रजी काव्याने कौल दिला तो डॅनिएललाच. जो कान आघात टिपतो, त्याला कागदावर मोजलेल्या मात्रांची लय ऐकू येत नाही.

सुमारे तीन शतकांनंतर मराठीत याच्या उलट दिशेने प्रवास घडला. केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणले. सॉनेटच्या इंग्रजी ओळीत सामान्यतः दहा अक्षरे आणि पाच आघात असतात. मराठी कवींनी चौदा ओळींचा बंध आणि विचाराला मिळणारी कलाटणी स्वीकारली, आघात मात्र स्वीकारले नाहीत. मराठी सुनीताला विशेष मानवले ते शार्दूलविक्रीडित: १९ अक्षरे, ३० मात्रा आणि बाराव्या अक्षरानंतर यती. आकृती परभाषेतून आली. लय घरचीच राहिली.

माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्याची वृत्त, जाती आणि छंद अशी विभागणी केली. ओवी-अभंगांच्या छंदात तर लघुगुरूंचा भेदही मावळतो. उरते ती अक्षरसंख्या. म्हणजे एकाच मराठीत लयीची मापे एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतले कोणतेही आघाताचे नाही.

म्हणूनच अभंगात लघुगुरूंचा क्रम नाही म्हणून त्याला शिथिल ठरवणे, किंवा मराठी सुनीतात इंग्रजी चाल नाही म्हणून त्याला अपुरे मानणे, हा कवितेवर अन्याय आहे. काव्यप्रकार उसना घेता येतो. लय मात्र ती भाषा बोलणाऱ्यांच्या जिभेवर आधीपासूनच असावी लागते.