क्लचच्या नळीतला इतिहास

काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या मोटारीच्या क्लचची नळी मी घरच्या अंगणातच बदलली. जुनी रबरी नळी पेडल दाबताच फुगायची. तिच्या जागी पोलादी तारांचे विणकाम असलेली नळी बसवली, सांधे आवळले, वरच्या भांड्यात ब्रेक ऑइल भरले आणि पेडल दाबले. ते थेट तळाला टेकले. गिअर काही पडेना! थेंबभरही गळती नव्हती. पास्कलचा नियम तर शाळेपासून पाठ होता. मग चुकले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते. ब्लेझ पास्कलचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका बंद भांड्याची कल्पना आहे. भांड्याला दोन तोंडे, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे, आणि दोन्हींत घट्ट बसणारे दट्ट्ये. लहान दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरील, असे पास्कल सांगतो. पण हा लाभ फुकट मिळत नाही. लहान दट्ट्या शंभर इंच सरकेल तेव्हा मोठा एकच इंच हलेल, हेही त्याने नोंदवले आहे.

तत्त्व तर मिळाले. पण हे यंत्र प्रत्यक्षात यायला १७९५ साल उजाडले. त्या वर्षी इंग्लंडमधील कुलुपे बनवणारा जोसेफ ब्रामा याने जलदाबयंत्राचे पेटंट घेतले. इतका उशीर का व्हावा? अडचण 'घट्ट बसणारे दट्ट्ये' या तीन शब्दांतच होती. दट्ट्या सैल ठेवावा तर फटीतून पाणी उसळते; भरण ठोकून घट्ट करावा तर तो मागे यायलाच तयार होत नाही. यावर तोड काढण्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातला तरुण कारागीर हेन्री मॉड्स्ले याला दिले जाते. त्याने दट्ट्याभोवती चामड्याचा खोलगट, पन्हळीसारखा पट्टा बसवला. पाण्याचा दाब वाढला की तो पन्हळीत शिरून तिच्या कडा फाकवतो आणि फट बंद करतो. दाब गेला की कडा सैल पडतात. म्हणजे ज्या दाबामुळे गळती व्हायची, त्यालाच राखणदार केले! पगारवाढ नाकारली गेल्यामुळे १७९७ साली मॉड्स्ले तिथून बाहेर पडला, आणि यंत्र ब्रामाच्याच नावाने ओळखले गेले.

मोटारीत हे तत्त्व आधी ब्रेकसाठी आले. विमाने बांधणाऱ्या लॉकहीड बंधूंपैकी माल्कम याने द्रवदाबावर चालणारे ब्रेक विकसित केले. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीत ते चारही चाकांना होते. पण चामडे पुन्हा आडवे आले; ते गळू लागले. १९२४ साली बाजारात आलेल्या क्रायस्लर मोटारीसाठी तिथल्या अभियंत्यांनी चामड्याऐवजी रबराच्या वाट्या वापरल्या. काम मॉड्स्लेच्या पट्ट्याचेच, पदार्थ मात्र नवा. रबराने नवी अट घातली. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते, म्हणून त्या काळात एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरले जाई. आज बहुधा ग्लायकोल-ईथर जातीचे द्रव असतात. हीच रचना पुढे क्लचसाठीही स्वीकारली गेली, कारण द्रवाची नळी हवी तशी वळवून नेता येते.

आता माझ्या अंगणात परत येऊ. सोईसाठी पूर्णांक घेऊन हिशेब करू. पायाचा जोर १० किलोग्रॅम वजनाइतका, पेडलच्या तरफेमुळे पाचपट म्हणजे ५०. वरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर, तर दाब २५ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण २५ वातावरणांइतका. खालच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर, म्हणून बल ७५. वरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला तर ५ घन सेंटिमीटर द्रव ढकलला जातो आणि खालचा सुमारे १७ मिलिमीटर सरकतो. आता नळीत १ घन सेंटिमीटर हवा राहिली असे समजा. या दाबाखाली ती दबून पंचविसाव्या हिश्शाहूनही लहान होते. पाचातला जवळजवळ एक भाग तिलाच दाबण्यात खर्च झाला! खालचा दट्ट्या १३-१४ मिलिमीटरच सरकला, आणि क्लच सुटला नाही. माझ्या नळीत हवा याहूनही जास्त असणार. गॅरेजमध्ये 'हवा काढणे' म्हणतात ते काम मी पुरेसे केलेच नव्हते.

पेडल हलके व्हावे म्हणून काही हौशी लोक खालचा सिलिंडर मोठा बसवतात. क्षेत्रफळ ३ ऐवजी ४ केले, तर बल १०० होते, पण सरक साडेबारा मिलिमीटरवर येते. पास्कलचा शंभर इंचांचा हिशेब इथेही चुकत नाही. द्रव बदलणे तर त्याहून धोक्याचे. अनेक मोटारींत क्लच आणि ब्रेक यांचे द्रवाचे भांडे एकच असते. तिथे चुकून इंजिन ऑइल ओतले तर ब्रेकमधल्या रबरी वाट्याही फुगतात. योग्य द्रवही कायम टिकत नाही. तो हवेतला ओलावा शोषतो. 'डॉट ३' प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषल्यावर किमान १४० अंश असावा लागतो. द्रव उकळून वाफेचे बुडबुडे झाले की परिणाम हवेसारखाच होतो.

हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. २ आणि २० मिलिलिटरच्या दोन सुया काढलेल्या सिरिंज पारदर्शक नळीने जोडा. पाण्याने पूर्ण भरून लहान सिरिंज एका मुलाला आणि मोठी दुसऱ्याला दाबायला सांगा. मग नळीत हवेचा मोठा बुडबुडा सोडून हाच प्रयोग पुन्हा करा. बोटांना फरक लगेच कळेल. शेवटी मोठ्या सिरिंजचा दट्ट्या बाहेर काढून त्याच्या टोकाचे काळे रबर आणि त्याची कड नीट पाहायला सांगा. पास्कलचा नियम पुस्तकात एका वाक्यात संपतो. तो यंत्रात उतरायला एकशे बत्तीस वर्षे का लागली, हे त्या कडेकडे पाहून मुलांना विचारावे.