फोर्ड मॉडेल टीचे हेड बोल्ट कसे बसवतात? १०० वर्षं जुन्या इंजिनाची संपूर्ण माहिती

मोबाईल उघडून बघायची हौस असेल तर एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल. आतले स्क्रू दिसायला सारखे, पण त्यांची लांबी वेगवेगळी असते. आखूड स्क्रूच्या जागी चुकून लांब स्क्रू पिळला की तो खालच्या बोर्डला लागतो आणि चांगला चालणारा फोन बंद पडतो. हीच चूक जुन्या गाडीच्या इंजिनात झाली तर थेट इंजिनाच्या ब्लॉकला तडा जातो.

मी अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहतो. शेजारच्या आजोबांकडे १९२४ ची फोर्ड मॉडेल टी आहे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला लागले, म्हणजे हेड गॅस्केट गेलं होतं. नवीन गॅस्केट टाकून हेड परत बसवायला मी मदतीला गेलो आणि एका चुकीमुळे ब्लॉक घालवता घालवता वाचलो. तिथे शिकलेलं सगळं इथे क्रमाने सांगतो.

आधी इंजिन समजून घेऊ

मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली. दीड कोटी गाड्या तयार झाल्या. इंजिन ४ सिलिंडरचं, २.९ लिटरचं आणि ताकद फक्त २० हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे हेड म्हणजे बिडाचं एक जाड झाकण. हे झाकण सुटं करता येतं, ही त्या काळी मोठी सोय होती.

हे झाकण १५ बोल्टनी ब्लॉकवर आवळलेलं असतं. प्रत्येक बोल्ट ७/१६ इंच जाडीचा, म्हणजे साधारण ११ मिलिमीटर. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये गॅस्केट असतं. त्याला दोन कामं: सिलिंडरमधला दाब बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि पाणी सिलिंडरमध्ये येऊ द्यायचं नाही.

बोल्ट आवळला की नेमकं काय होतं?

आपल्याला वाटतं बोल्ट फक्त घट्ट होतो. खरं तर तो ताणला जातो, अगदी स्प्रिंगसारखा. ताणलेला बोल्ट परत आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीने हेड ब्लॉकवर दाबलं जातं.

बिडाचं हेड असलेल्या मॉडेल टीला साधारणपणे ५० फूट-पाउंड टॉर्क देतात, म्हणजे ६८ न्यूटन-मीटर. सोप्या भाषेत, एक फूट लांब पान्याच्या टोकाला २२-२३ किलो वजन टांगल्यासारखं. एवढ्याने एक बोल्ट अंदाजे ३ टन जोराने हेड दाबतो!

पण टॉर्कचा जेमतेम दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो. बाकी सगळा आट्यांमधल्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात संपतो. आटे गंजलेले असतील तर टॉर्क रेंच ५० ला 'टक्' करेल, पण प्रत्यक्ष दाब २ टनच मिळेल. तेल लावलेल्या बोल्टला त्याच आकड्यावर ४ टन मिळू शकतो. म्हणून सगळे १५ बोल्ट सारखे स्वच्छ आणि सारखे तेल लावलेले हवेत.

बोल्ट बसवायच्या स्टेप्स

१. फोटो काढा. हेड उतरवण्याआधी मोबाईलवर वरून आणि बाजूने फोटो घ्या. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून १५ भोकं पाडा आणि काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा.

२. पृष्ठभाग साफ करा. जुन्या गॅस्केटमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं. कोरडं खरवडू नका, ओलं करून आणि मास्क लावूनच काढा. मग स्टीलची सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून हेड वाकलंय का ते बघा.

३. भोकांचे आटे साफ करा. आटे पाडायचा टॅप शक्यतो वापरू नका, तो चांगलं लोखंडही कापतो. आजोबांची युक्ती: एका जुन्या बोल्टला हॅक्सॉने उभ्या खाचा पाडायच्या आणि तो हाताने आत-बाहेर फिरवायचा. घाण खाचांमध्ये जमा होते. नंतर हवा मारा, पण डोळ्यांवर चष्मा हवाच.

४. खोली मोजा. भोकं तळाशी बंद असतात. गॅस्केट न घालता हेड ठेवा आणि प्रत्येक बोल्ट हाताने पिळून बघा. डोकं हेडला टेकलं तर ठीक, कारण गॅस्केट आल्यावर बोल्ट आणखी थोडा वरच राहणार. आधीच अडकला तर बोल्ट लांब आहे किंवा तळाशी कचरा आहे. १९१७ पासून या गाडीला उंच हेड आलं, त्यामुळे जुन्या-नव्या बोल्टची सरमिसळ सहज होते.

५. तेल लावा. आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा पातळ हात पुरे.

६. हेड ठेवा. डोकी कापलेले दोन जुने बोल्ट खुंट्यांसारखे दोन कोपऱ्यांत लावा. त्यांच्यावरून आधी नवीन गॅस्केट, मग हेड सरळ खाली येतं. हेड जड असतं, दोघं लागा.

७. मधून बाहेर आवळा. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून गोल-गोल बाहेर या. पहिली फेरी २० फूट-पाउंड (२७ न्यूटन-मीटर), दुसरी ३५ (४७), तिसरी ५० (६८). चपातीला घडी पडू नये म्हणून आपण मधून कडेला लाटतो ना, तसंच. कडेचे बोल्ट आधी आवळले तर मधला फुगवटा तसाच अडकतो.

माझी चूक कुठे झाली?

पाचव्या स्टेपला. बोल्टला तेल लावायचं सोडून मी तेलाची कुपी घेऊन प्रत्येक भोकात पिचकारी मारली. वाटलं, जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं.

पहिल्या फेरीत कोपऱ्यातल्या एका बोल्टने लगेच 'टक्' केलं. मी पुढच्या बोल्टकडे वळलो. आजोबांनी हात धरला, खिशातली पावती काढली आणि त्या बोल्टच्या डोक्याखाली सरकवली. कागद आरामात आत गेला! बोल्ट हेडला टेकलाच नव्हता. तो तळाशी साठलेल्या तेलावर उभा होता.

तेल दाबलं जात नाही. बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा खाली येतो, तेलाला जायला वाट नसते, आणि तो सगळा जोर भोकाच्या भिंतींवर येतो. बीड कडक असतं, पण ताण सहन करत नाही. मी तसाच ५० पर्यंत गेलो असतो तर ब्लॉक फुटू शकला असता. आजोबांच्या शेडमध्ये असाच तडकलेला एक ब्लॉक ठेवलेला आहे, ते तो प्रत्येक शिकाऊ माणसाला दाखवतात. मला त्या दिवशी दाखवला.

"तेल बोल्टला लावायचं, भोकाला पाजायचं नाही," एवढंच ते म्हणाले.

सगळे बोल्ट काढले. तारेला टिश्यू गुंडाळून १५ भोकं कोरडी केली. गॅस्केट दाबलं गेलं होतं आणि दाबलेलं गॅस्केट परत वापरायचं नसतं, म्हणून नवीन मागवलं. काम एक आठवडा लांबलं. ब्लॉक मात्र वाचला.

नंतर पुन्हा आवळायचं का?

हो. इंजिन गरम होईपर्यंत चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि त्याच क्रमाने ५० ला तपासा. नवीन गॅस्केट दबतं, त्यामुळे बोल्ट थोडे सैल पडतात. दोन-तीन वेळा गाडी फिरवून झाल्यावर परत तपासा. आमच्या पहिल्या तपासणीत बरेच बोल्ट थोडे थोडे फिरले, दुसऱ्या वेळी जवळजवळ कुणीच नाही.

हेड अॅल्युमिनियमचं असेल तर थंड असतानाच आवळा. अॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे गरम असताना आकडा फसवा येतो.

हेच आकडे माझ्या बाईकला चालतील का?

अजिबात नाही. प्रत्येक इंजिनाचा टॉर्क आणि क्रम वेगळा असतो, तो त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. आजच्या बऱ्याच गाड्यांचे हेड बोल्ट तर एकदाच वापरायचे असतात, काढले की नवीनच घालावे लागतात.

पण कागदाची युक्ती कुठेही चालते. रेंचने 'टक्' केलं म्हणजे बोल्ट बसला असं नाही. डोक्याखाली कागद जातोय का, ते एकदा बघा. रेडिएटरमध्ये आता बुडबुडे येत नाहीत, आणि ती पावती मी अजून टूलबॉक्समध्ये जपून ठेवली आहे.