पटावरची नावं कुठे गेली?

आपण बालवाडीत जायच्या आधीच, 18 जानेवारी 1982 ला, गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे लालबाग-परळच्या खोल्या विकून माणसं डोंबिवली-विरारला गेली, तशी आपल्या पटावरची नावंही गळत गेली. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: महापालिकेला मैदानं-बागांसाठी, म्हाडाला घरांसाठी, तिसरा मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला. वाटायची ती फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन! एक अट बदलली की सगळं उत्तर बदलतं, हे कोड लिहिणारीला नवं नाही. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. गिरणी कामगारांच्या सोडतीत घर लागलेल्या आपल्यातल्या दोघीच मला ठाऊक आहेत, एकीचं पनवेलला. बाकीच्यांचे वडील अर्ज भरून वाट पाहत राहिले.